दसऱ्याच्या हाराची तार

वाशीमजवळच्या आमच्या उपकेंद्रात उच्च दाबाची वीज गॅसने भरलेल्या जाड धातूच्या नळ्यांतून जाते. बाहेरून हात लावला तरी काही होत नाही. आत मात्र कुठे बारीकशी ठिणगी पडू लागली, की ती हळूहळू इन्सुलेशन खाते आणि एक दिवस स्फोट होतो. ती ठिणगी वेळेत ऐकणे हे माझे काम. नळीला सेन्सर चिकटवायचा, हेडफोन लावायचे आणि ऐकायचे. घरी मी कुणाचेच ऐकत नाही, असे नवरा म्हणतो. इथे पगारच ऐकण्याचा मिळतो.

दिवाळीच्या आधीची तपासणी होती. एका नळीतून तडतड आली, कढईत लाह्या फुटाव्यात तशी. मी सेन्सर काढून पुन्हा चिकटवला; तडतड तशीच. शेजारी आमचे सर्वांत जुने ऑपरेटर काका उभे होते. दुसऱ्या दिवशी केनवडला त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. मी दोष लिहिला की नळी उघडावी लागणार, आणि त्या कामात काकांशिवाय पान हलत नाही. म्हणजे त्यांची रजा रद्द.

"काय आवाज येऊन राह्यला, मॅडम?"

"तडतड येतेय. पण दुसरं यंत्र गप्प आहे."

आत खरी ठिणगी असती तर तिच्या रेडिओलहरी त्या दुसऱ्या यंत्राने पकडायला हव्या होत्या. मला दोन्ही यंत्रांचा राग आला. दोघांनी मिळून काय ते एक सांगावे ना!

काकांनी मात्र फोन काढला आणि घरी सांगितले, "उद्या माही वाट नका पाहू." मला फार वाईट वाटले.

सेन्सर सरकवत मी नळीच्या मागे, भिंतीकडच्या अंगाला गेले. तिथे तडतड सर्वांत मोठी. चाचपताना बोटाला काहीतरी लागले आणि आवाज एकदम बंद. बोट काढले, पुन्हा सुरू. टॉर्च मारला तर बारीक तार, आणि तिला झेंडूचे वाळके देठ! दसऱ्याला आम्ही यंत्रांची पूजा करतो. हार घसरू नये म्हणून तो तारेने आवळलेला. फुले गळून गेली, तार राहिली आणि नळीच्या थरथरीने वाजत बसली.

"हे तार त म्याच बांधली होती!" काकांनी कपाळावर हात मारला. "ढिला हार मले पटत नाही ना!"

मी पोट धरून हसले. तार कापली, पुन्हा सगळे ऐकले. नळी शांत होती.

दुसऱ्या दिवशी केनवडच्या पंगतीत काका मला आग्रहाने जिलबी वाढत होते. मी म्हटले, "काका, काल एकदा तरी म्हणायचं, की परवा पाहू."

"काहून म्हणू?" ते म्हणाले. "आज माह्या जागी त्या नळीपाशी जो बसला हाय, त्यालेबी पोरगी हाय."