जर्मनची गाडी

अमेरिकेत, नोव्हायमधल्या आमच्या घरासमोर २००४ ते २००६ अशी दोन वर्षं एक करड्या रंगाची जर्मन गाडी उभी असायची. ‘उभी असायची’ हेच तिचं खरं क्रियापद. चालायची तेव्हा छान चालायची, हायवेला लागली की पोटातलं पाणी हलायचं नाही. पण महिन्यातले आठ-दहा दिवस ती एकतर गॅरेजात असायची, नाहीतर गॅरेजात जायच्या तयारीत असायची. आजही तिची आठवण आली की मला आधी थकवा येतो आणि मग बाकीचं आठवतं.

मुळात डेट्रॉईटच्या शेजारी राहून, गाड्यांच्याच धंद्यावर पोट भरून जर्मन गाडी घेणं हा आगाऊपणा होता. मी सीटचे सांगाडे बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनला होतो आणि आमचा माल अमेरिकन गाड्यांमध्ये बसायचा. गिऱ्हाइकाच्या प्लांटवर मीटिंग असली की परदेशी गाड्या पार मागच्या टोकाला लावाव्या लागत, तसा बोर्डच होता तिथे. फेब्रुवारीत बर्फाच्या राडीतून लॅपटॉपची बॅग सांभाळत मी तेवढं अंतर चालायचो आणि मीटिंगभर ओले मोजे घालून बसायचो. ऑफिसात माझ्या शेजारी एक म्हातारा गोरा होता, त्याचा बापही याच धंद्यात होता. तो रोज सकाळी कॉफी ओतता ओतता विचारायचा, “आली का आज ती?” वाक्य इंग्रजीत, पण खोच अगदी आपल्या पुणेरी शेजाऱ्याची.

मराठी मंडळात मात्र तिचा केवढा मान! गणपतीला आम्ही भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या पार्किंगमध्ये लोक तिच्याभोवती कोंडाळं करायचे. “यार, जर्मन इंजिनिअरिंग म्हणजे शेवटी जर्मन इंजिनिअरिंग,” नागपूरचे एक गृहस्थ बॉनेटवरून हात फिरवत म्हणायचे. “दरवाजाचा आवाज ऐका फक्त.” मग ते दरवाजा उघडून पुन्हा लावून दाखवायचे. आवाज खरंच भारदस्त होता. दरवाजांबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

ती गाडी मी घेतली बाबांमुळे. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते, म्हणजे जिथे साचे आणि हत्यारं बनतात त्या विभागात. जर्मनीहून आलेलं एक भोकं पाडायचं मशीन बावीस वर्षं त्यांच्या ताब्यात होतं. केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर त्यातला एक भागही ते इकडचा तिकडे होऊ देत नाही, असं ते सांगायचे. कारखान्यात कोणी मोठा पाहुणा आला की त्याला आधी त्या मशीनपाशी आणत. मशीन बसवायला आलेल्या जर्मन माणसानं बाबांना एक कॅलेंडर दिलं होतं आणि त्यावर माझ्या गाडीच्याच कंपनीची एक गाडी होती. वर्ष संपलं, पुढची दहा संपली, पण कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागून हललं नाही. जेवताना बाबा त्या कंपनीचा इतिहास सांगायचे. दोघा-तिघांनी एका शेडमध्ये सुरुवात कशी केली, लढाईत कारखाना जमीनदोस्त कसा झाला, कामगारांनी हातानं विटा उचलून तो पुन्हा कसा उभा केला. मोठेपणी मी वाचलं तेव्हा लक्षात आलं, की यातलं निम्मं दुसऱ्याच कंपनीचं होतं. बाबांना मी ते कधी सांगितलं नाही. “जर्मन वस्तू खोटं बोलत नाही,” हे त्यांचं ठरलेलं शेवटचं वाक्य असायचं आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मध्ये बोलणं जिवावर यायचं.

आईचं ‘जर्मन’ वेगळं होतं. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आमच्याकडे जर्मनची भांडी म्हणत. पाणी तापवायला, भिजवण टाकायला जर्मनचं पातेलं. वापरायचं, पण पाहुण्यांसमोर काढायचं नाही. पडलं की पोचा आला.

२००६च्या जूनमध्ये दोघं पहिल्यांदाच अमेरिकेत आले. येण्याआधी महिनाभर बाबा फोनवर माझ्या तब्येतीआधी गाडीची चौकशी करत होते. सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या रिटायर्ड मंडळीत त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आणि इकडे त्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा चार महिने पेटलेला होता. तीन वेळा गॅरेजला दिली, तीन वेळा विझला, तीन वेळा पुन्हा पेटला. बायको म्हणाली, “विकून टाक ना आता. मी थकलेय.” ती खरंच थकली होती. तिची साधी जपानी गाडी आम्हा सगळ्यांचा भार वाहत होती. माझी गाडी बंद पडली की साडेसहाला उठून आधी मला ऑफिसला सोडायचं, मग मुलीला शाळेत, मग तिचं स्वतःचं ऑफिस. मी म्हटलं, “बाबा येऊन परत जाईपर्यंत थांबू या.” मग विमानतळावर जायच्या दिवशी काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा कापला आणि त्या पिवळ्या दिव्यावर चिकटवला. अठरा वर्षांचा अनुभव असलेल्या इंजिनिअरनं शोधलेला हा उपाय.

विमानतळावर आईनं गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, “हीच का रे ती जर्मनची?”

“जर्मनची नव्हे गं, जर्मनीची!” बाबा कळवळून म्हणाले.

“तेच ते.” तिनं बोटाच्या पेरानं बॉनेटवर टकटक केलं. “पोचा पडेल हो, जपून.” माझी बायको इतकी हसली, की बॅग हातातून सुटली. बाबांनी मात्र बूट पुसून मगच गाडीत पाय ठेवला.

पुढचे दोन आठवडे मी जीव मुठीत धरून गाडी चालवली. नुसतं देऊळ, वाणसामान, तळं, एवढंच. बाबा पुढे माझ्या शेजारी बसायचे, काच खाली करून इंजिन ऐकायचे आणि काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, समाधानानं बोलत नसतील.

मग त्यांना कोणीतरी फ्रँकनमुथबद्दल सांगितलं. दीड तासावर एक गाव आहे, जर्मन लोकांनी वसवलेलं, तशीच घरं, तशीच जेवणं. बाबांनी दुसऱ्या कशाचा हट्ट धरला नव्हता, याचा धरला. “जर्मन गाडीतून जर्मन गावाला,” ते म्हणाले. “परत गेल्यावर सांगायला झालं.” बायको म्हणाली, “माझी गाडी पण घेऊ या, जस्ट इन केस.” मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. त्याची मला अजून लाज वाटते.

शनिवारी सकाळी निघालो. बाबा आणि मी पुढे, मागे आई, बायको आणि दोघींच्या मध्ये आमची सात वर्षांची मुलगी. वाटेतल्या फ्लिंट शहराच्या अलीकडे गाडीनं एक आचका दिला, मग दुसरा. मी कशीबशी ती कडेला घेतली आणि ती बंद पडली. ट्रक गेला की अख्खी गाडी हलायची. मी “ऊन जास्त आहे ना” असं काहीतरी पुटपुटत होतो.

मागून मुलगी म्हणाली, “डॅड, इज इट ब्रोकन अगेन?”

बाबांचं इंग्रजी बेताचं, पण ‘अगेन’ कळण्यापुरतं होतं. मी समोर बघत राहिलो. दोन वर्षं ज्यांच्यासाठी ती गाडी ओढली, त्यांच्यासमोरच सगळं उघडं पडलं होतं आणि मला त्या क्षणी वाईट वाटण्याइतकीही ताकद नव्हती. बाबांनी हात पुढे केला आणि डॅशबोर्डवरची चिकटपट्टी नखानं अलगद सोलून काढली. खाली पिवळा दिवा होताच.

“पहिल्याच दिवशी दिसली,” ते म्हणाले. “पट्टी वाकडी लावलीस.”

“बाबा, सॉरी. मला वाटलं तुम्हाला...”

“मीही लावायचो.”

मला कळेना. त्यांनी पट्टीची गोळी केली आणि ती बोटांत फिरवत राहिले. माझ्याकडे न बघता, समोरच्या रस्त्याला सांगावं तसं सांगायला लागले. ते मशीन बसवल्यावर दोन-तीन महिन्यांतच त्याचं बूड एका बाजूला किंचित खचलं होतं. सकाळी थंड असताना त्याचं माप हमखास चुकायचं. वर सांगितलं असतं तर जर्मनीहून माणूस बोलवावा लागला असता, गवगवा झाला असता, आणि पाहुण्यांना दाखवायचं तरी काय? म्हणून ते पाळीच्या तासभर आधी जायचे. मशीन मोकळं फिरवून गरम करायचे. सिगरेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाच्या घड्या घालून खाली सारायचे, पुन्हा पुन्हा मोजायचे. सात वाजता बाकीचे येईपर्यंत सगळं जागच्या जागी.

“बावीस वर्षं,” बाबा म्हणाले. “कोणाला कळलं नाही. मशीनचं नाव राहिलं.”

मी लहानपणापासून ऐकलेला सगळा इतिहास त्या गाडीत माझ्या शेजारी बसला होता. पण बोलायची वेळ माझी नव्हतीच.

“म्हणजे साहेबांनी लवकर बोलावलेलं नव्हतं?” मागून आईनं विचारलं.

बाबांनी मान वळवली नाही.

“मी तुम्हाला विचारतेय. साहेबांचा नियम आहे, सहाला हजर व्हायचं, असं म्हणाला होतात ना?”

“नव्हता नियम.”

“बावीस वर्षं मी चारला उठले,” आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, म्हणून जास्त लागलं. “रोज पोळीभाजीचा डबा. तापात उठले. याच्या वेळी सातवा महिना होता तेव्हा उठले. माझी आई गेली, तिचे दिवस करून आले आणि दुसऱ्या दिवशी चारला उठले. ते कशासाठी, तर त्या मशीनला ऊब यावी म्हणून?”

एक मोठा ट्रक गेला. गाडी हलली.

“मग जर्मनचंच की हो ते,” आई म्हणाली. “जर्मनीचं कसलं!”

माझ्या बायकोला हसू फुटलं. ती तोंडावर हात धरून हसत होती आणि हसता हसता म्हणाली, “मला तरी साडेसहालाच उठावं लागलं, आई.” मग तिचं हसू थांबलं आणि मी आरशात पाहिलं तर तिचे डोळे भरून आले होते. आईनं नातीच्या डोक्यावरून हात लांब करून तिचा हात धरला. मी आणि बाबा पुढे बसून राहिलो. आम्हा दोघांनाही मागे वळून बघायची हिंमत नव्हती.

गाडी ओढून न्यायला ट्रक आला, मंडळातले एक काका त्यांची मोठी व्हॅन घेऊन आले. तोवर आम्ही कठड्यापलीकडच्या गवतावर बसून आईनं आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. बाबांनी दोनच खाल्ल्या. आईनं त्यांच्या हातात तिसरी ठेवली, पण बोलली नाही. फ्रँकनमुथ राहिलंच.

ते परत गेल्यावर पुढच्याच आठवड्यात मी गाडी विकली आणि एक साधी जपानी घेतली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ती रोज सुरू व्हायची. २००८च्या उन्हाळ्यात गाड्यांच्या धंद्यात नोकरकपात सुरू झाली आणि माझ्याही टेबलावर सामान भरायला पुठ्ठ्याचं खोकं आलं. ऑफिसातल्या शेजारच्या म्हाताऱ्याची नोकरी त्याच्या आधीच गेली होती. घरी बसून होतो तेव्हा एका रविवारी आईचा फोन आला. नोकरीचं विचारून झालं, मुलीचं विचारून झालं.

“आणि यांनी एक नवीनच काढलंय,” आई म्हणाली. “चारला उठून चहा करतात. आपण करतात, मला आणून देतात. तिकडून आल्यापासून रोज. दोन वर्षं झाली, कंटाळत नाहीत.”

“कशात करतात?” मी उगाच विचारलं.

“कशात म्हणजे? जर्मनच्या पातेल्यात. स्टीलची चार समोर मांडलेली, ती दिसत नाहीत यांना. आणि आवाज तर काय करतात म्हणून सांगू!”

“मग तुला झोपता येत नाही.”

“झोप कसली रे,” आईनं आवाज एकदम खाली आणला. बाबा आसपास असावेत. “चारला मला जाग असतेच, आता ती सवय थोडीच जाणार. पण डोळे मिटून पडून राहते. ते उठवतात, मग उठते. त्यांना सांगू नकोस.”