टाकीतलं शिळं पाणी

मी बासष्ट वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. आता सदुसष्टाव्या वर्षी त्या बासष्टच्या पोरीबद्दल माझं स्पष्ट मत झालंय, की ती फार आगाऊ होती.

माझी थोरली बहीण, ताई, तेव्हा चार वर्षं मुलुंडच्या बाहेर पडली नव्हती. ऑपरेशन झाल्यापासून तिला दर तासाभराने संडास गाठावा लागे. हायवेवरचे संडास एकदा बघून आली आणि तिने गावाचं नाव टाकलं. तिकडे देवगडला आमचा धाकटा भाऊ अंथरुणाला खिळलेला, आणि इकडे ही रोज त्याच्याशी फोनवर रडायची. शेवटी माझ्या लेकीने आठ दिवसांसाठी कॅरव्हॅन भाड्याने आणली. गाडीच्या मागे जोडायची चाकांवरची खोलीच ती. दोन पलंग, इवलासा ओटा आणि मुख्य म्हणजे स्वतःचा संडास. ताईने दोनदा आत जाऊन कडी लावून पाहिली, मगच यायला हो म्हणाली.

आदल्या संध्याकाळी कॅरव्हॅन आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या आवारात येऊन उभी राहिली. लेकीने तिची टाकी काठोकाठ भरून ठेवली.

आता माझी एक खोड. कालचं पाणी मी आज कुणाला पिऊ देत नाही. सकाळी नळ आला की आदल्या दिवसाचा हंडा झाडांना, आणि मग ताजं भरायचं. जन्मभर हेच केलं. तर सकाळी सगळे झोपेत असताना मी खाली गेले, कॅरव्हॅनखालची तोटी उघडली आणि अख्खी टाकी सोसायटीच्या जास्वंदीला पाजली. मग बागेच्या नळाचा पाइप लावून ताजं पाणी भरलं. टाकीच्या तोंडाला फडकं लावून, व्यवस्थित गाळून. स्वतःवरच खूश होऊन वर गेले आणि चहा टाकला.

निघायच्या आधी लेकीने पंप सुरू केला. घर्र झालं, दोन घोट पाणी आलं आणि नळ कोरडा. पंप मात्र फिरतोच आहे. बंद करून पुन्हा लावला, पुन्हा दोन घोट. संडासातही तीच रड.

कॅरव्हॅनच्या मालकांना तिने फोन लावला. ते शांतपणे एकेक तपासायला सांगत होते. बॅटरी? ठीक असणार, पंप फिरतोय ना. टाकी? भरलेली. पंपाच्या आधीची जाळी उघडून बघा, कचरा अडकला असेल. जाळी लख्ख. पाइपाचे सांधे सैल असले तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. लेकीने सगळे सांधे आवळले. काही उपयोग नाही. मी टॉर्च धरून उभी, तोंडाला कुलूप. पाणी बदललं म्हणून पंप थोडाच रुसणार आहे, अशी माझी मीच समजूत घालत होते.

ताई पायरीवर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. मग उठली.

"माका वर सोडा. तुमी जावा. बारक्याक सांगा, ताईक येवक जमला नाय."

तिचा तो आवाज ऐकला आणि माझं कुलूप निघालं. "सकाळी टाकी मी रिकामी केली," मी म्हटलं. "पाणी शिळं होतं."

लेक माझ्याकडे बघतच राहिली. "एका रात्रीत शिळं?"

"मग गाळून भरलं ना ताजं."

"कशाने गाळलंस?"

"फडक्याने."

"आई, ते फडकं कुठाय?"

खांद्यावर नव्हतं. दोरीवर नव्हतं. पाइपाच्या जोराने ते कधी आत गेलं, मला पत्ता नाही.

फोनवर मालकांना सगळं ऐकू जात होतं. ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, पंप ओढायला लागला की फडकं आतल्या पाइपाच्या तोंडाला चिकटतं, बंद केला की सुटतं. म्हणून दोन घोट येतात. पलंगाखाली टाकीचं मोठं झाकण आहे, तिथून हात घाला. लेकीने कोपरापर्यंत हात घातला आणि माझ्या जुन्या साडीचा हातभर तुकडा बाहेर ओढला.

पंप लावला. दोनदा खोकला आणि मग धार सुरू झाली, चांगली जाडजूड. नळ बंद केला तसा पंपही आपोआप गप्प. ताई आत गेली, कडी लावली. आम्ही दोघी मायलेकी बाहेर कान लावून उभ्या. खळ्ळकन पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा मी तिथेच पायरीवर बसले.

ताई बाहेर आली आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. पुढची सीट माझी ठरली होती. मी निमूटपणे मागे.

वडखळला चहाला थांबलो. ताईने एक ग्लास संपवला आणि टपरीवाल्यासमोर पुन्हा धरला. लेक हळूच म्हणाली, मावशी, दुसरा नको, त्रास होईल.

"होवंदे," ताई म्हणाली. "संडास मागसून येता मा?"

देवगडला पोचेपर्यंत अकरा वेळा थांबलो, आणि एकदाही कुणी घड्याळ पाहिलं नाही. भाऊ अंथरुणातच भिंतीला उशी लावून ताईची वाट बघत बसला होता.