राधाक्काचा काथ्या

राधाक्कानं नारळाच्या काथ्यानं सुनेची छाती घासली, ती रक्त येईपर्यंत. सून गौरी सात महिन्यांची गरोदर होती. डोहाळजेवणाची सकाळ, तेल-उटण्याची अंघोळ. मी शेजारीण, पाणी ओतायला होते. गौरीचा नवरा बाहेर खुर्च्या मांडत होता.

छातीखाली दोन रेघा होत्या, काजळानं ओढल्यासारख्या. अक्काला वाटलं मळ आहे. निघेना.

"काय गं हे?"

"ऑपरेशनचे व्रण आहेत, आई. लग्नाआधी छाती भरून घेतली होती. दिवस राहिल्यापासून काळे पडलेत."

"देवानं दिलेलं पुरलं नाही होय?" अक्कानं पुन्हा काथ्या उचलला. "पाप वर आलंय. काढते." मी तिचं मनगट धरलं, तोवर व्हायचं ते झालं होतं.

बंगळुराच्या चिकपेटेतल्या साडीच्या दुकानात अक्काचा जन्म गेला; कानडी 'सरी', म्हणजे 'बरं', तिच्या तोंडी बसलं होतं. सावळ्या गिऱ्हाइकानं फिकी साडी मागितली की म्हणायची, "तुला शोभायची नाही, ऊठ. मी तोंडावर बोलते. सरी, विषय संपला." तरी बायका परत यायच्या. तिचं कापड कधी खोटं निघालं नाही. माझंही तिच्याशी म्हणूनच जमायचं. गोडबोल्या बायका मला सोसत नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी सासूसुनेला समोर बसवून सांगितलं, "गरोदरपणात कातडी काळवंडते, जुने व्रणही काळवंडतात. हा रोग नाही. बाळंतपणानंतर हळूहळू फिकं पडेल. बाळाला खुशाल पाजा."

अक्का घरी येऊन म्हणाली, "त्या डॉक्टरणीचं काय जातंय? त्या काळ्याला माझ्या नातवंडानं तोंड लावायचं नाही."

मुलगी झाली. बाळंतिणीच्या उशाशी अक्कानं दुधाची बाटली भरून ठेवली. गौरीनं ती मोरीत ओतली आणि पोरीला छातीशी घेतलं. त्यानंतर अक्कानं नातीला एकदाही उचललं नाही. "विषावर वाढतेय," म्हणायची. पोर मात्र गुटगुटीत झाली.

वर्षभरात रेघा फिकट झाल्या. काथ्याचा ओरखडा तेवढा राहिला. अक्का आल्यागेल्याला सांगायची, "बघा, माझ्या हातानं गेलं."

पुढं काही महिन्यांतच ती मधुमेहानं गेली. शेवटची अंघोळ सुनेनं घालायची. गौरी म्हणाली, "मावशी, मी हात लावणार नाही."

"सरी," म्हटलं, आणि मीच घातली. पलीकडच्या खोलीत गौरी पोरीला पाजत बसली होती.

अक्का गेली. त्या दोघी जगल्या.