सव्वा तास, सर

आमच्या डॉक्टरांच्या कॉन्फरन्स नागपूरला होतात, रायपूरला होतात. तिकडे जेवणात म्हणे तीन प्रकारचं आइस्क्रीम असतं. आम्हा असिस्टंट लोकांना कोण बोलावतं? ऑपरेशनमध्ये पाय धरायचा आम्ही, प्लेट बसवताना हाड सरकू द्यायचं नाही ते आम्ही, आणि शिकायचं मात्र बोलणी खाऊन. बावीस वर्षं मी गोंदियातल्या एका हाडांच्या दवाखान्यात हेच करते आहे. शेवटी वैतागून मीच म्हटलं, आपलं आपणच शिकू.

तेव्हापासून महिन्यातला एक रविवार आमचा. आमगाव, तिरोडा, देवरी, अर्जुनी मोरगाव अशा ठिकाणचे दहा-बारा जण जमतो. ज्याच्या गावात बैठक, त्याचे चहा-पोहे. एकमेकांच्या हाताला प्लास्टर घालून बघतो, नवीन स्क्रू आणि प्लेटा ओळखायला शिकतो. पण सगळ्यात आधी प्रत्येकानं आपली एक चूक सांगायची. पेशंटचं नाव घ्यायचं नाही, डॉक्टरचं नाही, आणि सांगून होईपर्यंत कोणी हसायचं नाही. हा नियम माझाच. नवीन माणूस आढेवेढे घ्यायला लागला की मी सरळ म्हणायची, "लाजून काऊन राहिला? लाजायचं होतं तर बँकेत लागायचं होतं."

आणि मी स्वतः काय सांगायची? एकदा चुकीच्या मापाचे हातमोजे काढले. एकदा पट्टी कमी पडली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. आणि खरी चूक घडली ती मात्र पोटातच ठेवली. ती अशी.

धान कापणीच्या दिवसांत नवेगाव बांधची एक बाई आमच्याकडे आली. शेताच्या बांधावरून, म्हणजे आमच्याकडच्या धुऱ्यावरून, पाय घसरून पडली होती, गुडघ्याखालचं हाड मोडलं होतं. अशा ऑपरेशनला मांडीला हवेचा पट्टा बांधून फुगवतात, म्हणजे खाली रक्त उतरत नाही आणि डॉक्टरांना स्वच्छ दिसतं. पण तो फार वेळ ठेवता येत नाही, नस दुखावते. दीड तास झाला की सांगायचं आणि दोन तासांच्या आत सोडायचाच. वेळ सांगायचं काम माझं.

मी घड्याळ बघत नसे. बावीस वर्षांचा माज, सरळ सांगते. हाड जुळलं की पाऊण तास, प्लेट बसली की सव्वा तास, टाके सुरू झाले की पावणेदोन, असा माझा हिशेब होता आणि तो कधी चुकला नव्हता. डॉक्टरही घड्याळाकडे न बघता मलाच विचारायचे. त्या दिवशी हाडाचे तुकडे काही केल्या जुळेनात. एक स्क्रू बसेना, काढून दुसरा घातला. प्लेट बसली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "ताई, किती झाला?" आणि माझ्या तोंडून गेलं, "सव्वा तास, सर."

पट्टा सोडल्यावर मी भिंतीवर बघितलं. पावणेतीन तास झाले होते. डॉक्टर हात धुवायला गेले होते. मी रजिस्टर उघडलं आणि एक तास पन्नास मिनिटं असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या बाईला पंजा वर उचलता येईना. बोटं नुसती लोंबकळत होती. डॉक्टरांनी रजिस्टर बघितलं, वेळ ठीक होती. "सुजेनं नस दबली असेल," असं त्यांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला सांगितलं, पायाला आधाराची पट्टी दिली. मी पलंगाशेजारी उभी होते. ती पट्टी बांधली मीच.

दीड महिना झोप नाही, जेवण नाही. मग अर्जुनीच्या बैठकीत माझी पाळी आली आणि मी हातमोज्यांचं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर सगळं बाहेर आलं. रजिस्टरचंसुद्धा. सांगून झाल्यावर मला, खोटं कशाला बोलू, हलकं वाटलं. दोघीतिघींनी पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात अर्जुनीचाच एक असिस्टंट, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, चहाचे कप गोळा करता करता म्हणाला, "ताई, हे आमाले सांगून का फायदा? त्या बाईले सांगितलं का?"

नाकाला अशा मिरच्या झोंबल्या. पण बरोबरच होतं त्याचं.

सोमवारी डॉक्टरांना सांगितलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी रजिस्टर मागवलं, खोट्या वेळेवर रेघ मारली, शेजारी माझ्याकडून खरी वेळ लिहून सही घेतली आणि खाली आपली केली. मग म्हणाले, "वेळ चुकली ती आपल्या दोघांची चूक. खोटं लिहिलं ती तुमच्या एकटीची. बोलावून घेऊ त्यांना."

"सर, ती तसला पाय घेऊन बसनं येणार. आपणच जाऊ."

नवेगावला गेलो. बाई बाजेवर बसली होती, पायाला पट्टी. डॉक्टरांनी काय झालं ते साध्या शब्दांत सांगितलं. नस बहुतेक वेळा सुधारते, महिने लागतात, पण खात्री देत नाही म्हणाले. कागद हवे तर देतो, तक्रार करायची तर करा, हेही म्हणाले. मग मी म्हटलं, "सरले मीच खोटी वेळ सांगितली होती. लिवली पण खोटीच."

नवरा उठून उभा राहिला. "आमाले काई समजत नाई म्हणून लपवलं का जी?"

"भीतीनं लपवलं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

ती बाई पायाकडे बघत हळूच म्हणाली, "मंग बाईनं चोळलं त्यानं नाई झालं?"

मला काही कळेना. नवऱ्यानं मान खाली घातली. मग त्याच्याकडूनच कळलं. पडली त्या दिवशी शेजारच्या घरातल्या थोरल्या जावेनं, जिला ही 'बाई' म्हणते तिनं, तिचा पाय मोहाचं तेल लावून चोळला होता. डॉक्टर सुजेनं झालं म्हणाले, आणि सूज चोळण्यानंच आली असं यांनी ठरवलं. तेव्हापासून या घरातलं कोणी जावेशी बोललं नव्हतं. हीसुद्धा नाही.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "चोळायला नको होतं, पण पंजा त्यानं पडला नाही. तुम्ही भरती झालात तेव्हा पंजा हलत होता, मी बघितला होता."

तिनं बसल्या जागेवरून हाक मारली, "बाई, इकडे येजो जरा."

पलीकडच्या अंगणात सुपाचा आवाज येत होता तो थांबला. जाऊ आली. हातात सूप तसंच. दाराशी थांबली, आत यायला धजेना.

"मले जे सांगितलं," ती बाई मला म्हणाली, "ते इले सांगा आता. सगळं."

डॉक्टर बोलायला लागले, त्यांना मी हातानं थांबवलं. उठून दाराशी गेले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. अर्ध्यातच जाऊ उंबरठ्यावर बसली, पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी थांबले नाही. रजिस्टरपर्यंत सगळं सांगितलं.