सारवलेले टाके

कोळशावर चालणाऱ्या मोटारीने जायचे असेल तर पांढरे लुगडे नेसू नये, हे मला पुण्यात कोणी सांगितले नव्हते. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासे झाले होते. आमच्या मोटारीच्या पाठीशी न्हाणीघरातल्या बंबासारखे एक धूड बसवलेले होते आणि क्लीनर त्यात कोळसे कोंबून लोखंडी सळईने ढवळत होता. कात्रजच्या घाटात सगळ्यांना खाली उतरून चालावे लागले. वर पोचेपर्यंत माझ्या पदराची पुरती रया गेली होती. माझा थोरला भाऊ अण्णा सिमेंटच्या पोत्याला मिठी मारून मोटारीतच बसून राहिला. ते पोते म्हातारे आहे, त्याला चालवत नाही, असे त्याने ड्रायव्हरला सांगितले.

अण्णा सिमेंटची कामे करी. रायरेश्वराच्या पठाराखाली डोंगराच्या एका सोंडेवर गुरे पाळणाऱ्यांची दोन-तीन घरे आहेत. तिथे एका पुण्याच्या व्यापाऱ्याने पूर्वी सिमेंटचे टाके बांधून दिले होते. ऊन, पाऊस आणि डोंगरावरचे हिव खाऊन त्याचा गिलावा सुटला होता, आणि त्यात पाणी राहत नव्हते. व्यापाऱ्याच्या मुलांनी अण्णाला दुरुस्तीला पाठवले. लढाईच्या दिवसांत सिमेंट परवान्यावर मिळे, म्हणून अण्णाच्या हाती लागलेली दोन पोती तो जिवापलीकडे जपत होता. मी मुलींच्या शाळेत शिकवते. नाताळची सुट्टी होती, आणि कात्रजपलीकडचे जग मी नकाशावरच पाहिले होते. हट्ट धरून मी त्याच्याबरोबर निघाले.

शिवऱ्याला बंब विझला. क्लीनर तो पेटवीपर्यंत आम्ही रस्त्याकडेच्या शेताच्या बांधावर बसलो. शेतातल्या बाईने न मागता डहाळे (ओल्या हरभऱ्याची जुडी) आणून दिले. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "बाई, तुमी चुलीतनं आला का काय?" अण्णा इतका हसला की त्याला ठसका लागला. मला राग आला होता, पण हरभरा फार गोड होता, त्यामुळे तो टिकला नाही.

कापूरहोळला मोटार भोरकडे वळली आणि डोंगर एकदम जवळ आले. भोरला उतरल्यावर कळले की माझा चहाचा पुडा मोटारीतच राहिला आणि मोटार निघून गेली. आठ-दहा दिवस चहावाचून काढायचे या विचाराने मला परत फिरावेसे वाटले. अण्णाने तोवर बैलगाडी ठरवली होती आणि पोती गाडीत चढली होती. मग मीही चढले.

आंबवड्याला बैलांना पाणी दाखवायला गाडीवान थांबला. तेवढ्यात एक तरुण बाई घाईने गाडीशी आली. ती किंचित लंगडत होती.

"तुमीच का टाकं बांधाया निगालाय?" तिने विचारले.

ती सगुणा, त्याच वाडीची सून. नवरा पलटणीत भरती होऊन लांबच्या मुलखात गेला होता. वर घरात ती आणि सासू, धोंडाबाई, अशा दोघीच. टाके फुटल्यापासून खालच्या झऱ्यावरून माणसांचे आणि गुरांचे पाणी सगुणाच आणी. मागच्या उन्हाळ्यात भरल्या हंड्यासकट ती घसरली आणि पाय मोडला. तेव्हापासून ती इथे माहेरी होती.

"म्या रुसून आले न्हाई," ती म्हणाली. "पर आता पानी वाहाया माज्यानं न्हाई व्हायचं. टाक्यानं पानी धरलं तर सांगा, म्या येईन. आन् गुरांना डोण बी करनार हाय ना?"

डोण म्हणजे गुरांना पाणी पिण्यासाठी टाक्याला जोडून केलेली लांबट कुंडी. टाक्यातले पाणी तिच्यात आपोआप उतरले की हंड्याने काढून पाजायला नको. अण्णाने तिलाही सिमेंट धरून ठेवले होते. "हो, डोणही करणार," तो म्हणाला. सगुणा गाडीमागे थोडी चालत आली आणि मग थांबली.

दुसऱ्या दिवशी सोंड चढताना अण्णाने ठरवलेले दोन गडी डोक्यावर पोती घेऊन पुढे गेले आणि मी मागे धापा टाकत राहिले. वाट कारवीतून जाते, आणि जिथे झाडी संपते तिथे दोन्ही बाजूंना दरी दिसते. या वाटेने भरला हंडा घेऊन रोज चढायचे, हा विचार मनात आला तेव्हा माझ्या हातात फक्त छत्री होती.

धोंडाबाईंनी आम्हांला दारातच उभे केले. "जरा थांबा, भुई सारवते," म्हणाल्या. पाहुणा कोऱ्या भुईवर बसवायचा नाही, आधी शेणाचा हात फिरवायचा, ही तिथली रीत. कमरेत वाकलेल्या, उजवा खांदा खाली उतरलेला, तरी हात असा फिरत होता की जमिनीवर बोटांच्या अर्धगोलांची रांग उमटत गेली. जेवायला नाचणीची भाकरी, लसणीची चटणी आणि हुलग्याचे माडगे (पिठाचे पातळ कालवण) होते. वर बोटभर सायीचे दूध. चहाची आठवण मला त्या रात्री तरी झाली नाही.

टाके घराच्या थोडे वर, एका झऱ्याच्या तोंडाशी होते. तो झरा पौष सरेपर्यंतच वाहतो. तेवढ्यात टाके भरून घेतले तर उन्हाळा निघतो, नाहीतर खालून पाणी आणायचे. आम्ही पोचलो तेव्हा झऱ्याचे पाणी टाक्यात पडत होते आणि भेगांतून तितक्याच निमूटपणे बाहेर जात होते. गिलावा नखाने उचकटला तरी पोपडा हातात येई. अण्णाने मला समजावले की पावसाळ्यात भिंती पाणी पितात, हिवाळ्यात दुपारी तापतात आणि पहाटे आखडतात. असे वर्षानुवर्षे चालले की दगडासारखी वस्तूही थकते. एका पहाटे गवतावरचे दव गोठून पांढरे झालेले मी स्वतः पाहिले, तेव्हा मला ते पटले.

झरा बाजूला वळवून काम सुरू झाले. गडी छिन्नीने सैल झालेले सगळे काढत, मी तारेच्या ब्रशाने घासून पाणी मारी. शाळेत फळा पुसायला मुली असतात, इथे मीच मुलगी होते. अण्णा आधी सिमेंटची पातळ रबडी ओल्या भिंतीला चोपडी आणि मग वरून गिलावा चढवून घोटी. थंडीत सिमेंट सावकाश आवळून घट्ट होते, म्हणून रोज संध्याकाळी तो ताज्या कामावर पेंढा आणि ओले गोणपाट पसरी. धोंडाबाई काठावर बसून बघत असत. "ही भित वाळली का?" असे सारखे विचारत. अण्णा सांगे, वाळवायची नसते, ओली ठेवायची असते. ते ऐकून त्या माझ्याकडे अशा बघत, जणू याला घरी कोणी काही शिकवले नाही का.

भिंती झाल्या. शेवटी एका दुपारी तळ आणि काठाची पायरी घोटून झाली. अण्णाने कंबर सरळ केली. राहिलेले सिमेंट डोणीचे. त्या संध्याकाळी धोंडाबाईंच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्या बाईची लगबग होती.

सकाळी आम्ही वर गेलो तर पेंढा काढून एका बाजूला नीट रचलेला, गोणपाटांच्या घड्या घातलेल्या, आणि टाक्याचा तळ, पायरीसकट, शेणाने सारवलेला. असे सुरेख सारवण मी कुठे पाहिले नाही. कोपऱ्यात तांदळाच्या पिठाची लक्ष्मीची पावलेही होती. धोंडाबाई हात धुऊन उभ्या होत्या.

अण्णाचा चेहरा उतरला. तो खाली उतरला, बोटाने शेण बाजूला केले आणि नख ओढले. थंडीत रात्रभरात सिमेंट पुरते आवळलेले नव्हते. झाडू आणि हात फिरून वरचा थर ढिला झाला होता आणि पिठासारखा नखात येत होता.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" तो मोठ्याने म्हणाला. अण्णाला मी असे ओरडताना फार वर्षांनी ऐकले.

धोंडाबाईंना काय बिघडले तेच कळेना. "नवी भुई हाय," त्या म्हणाल्या. "माजी सून यायची हाय पान्याला. कोऱ्या भुईवर तिला कशी बोलवू?"

अण्णा काठावर येऊन माझ्याजवळ बसला. म्हणाला, "माई, चूक माझीच. शेण लावू नका, एवढं सांगायचं मला सुचलंच नाही." मला दोघांचीही कीव आली, आणि सांगायला हरकत नाही, मी पदराआड रडले.

मग त्याने धोंडाबाईंना समोर बसवून समजावले. हा थर खरवडून तळ पुन्हा करावा लागेल. तेवढे सिमेंट आहे, पण ते डोणीचे आहे. दोन्ही होणार नाही. आणखी पोते या वर्षी मिळणार नाही. टाके की डोण, ते तुम्ही सांगा.

"टाकं करा," त्या लगेच म्हणाल्या. "गुरांना म्या पाजीन हातानं."

पुन्हा खरवडणे, घासणे, धुणे, घोटणे. पायरीला आदल्या दिवशी ऊन लागले होते, त्यामुळे ती घट्ट झाली होती. फक्त वरची साय मऊ होती, तीत धोंडाबाईंची बोटे अर्धगोल उमटून राहिली होती. अण्णाने ती खरवडली नाही. "इथं पाणी लागत नाही, राहू दे," म्हणाला. या वेळी धोंडाबाई स्वतः पेंढ्याची राखण करत बसल्या. आम्हांलाही जवळ येऊ देत नव्हत्या.

माझी सुट्टी संपत आली तेव्हा झरा टाक्यात सोडला. गुडघाभर पाणी झाल्यावर अण्णाने तो वळवला आणि भिंतीवर कोळशाने रेघ ओढली. सकाळी पाणी रेघेलाच होते. धोंडाबाईंनी ओंजळभर पिऊन पाहिले आणि झरा पुन्हा टाक्यात सोडून दिला. नंतर त्या हंडा बुडवून म्हशींना पाजू लागल्या. हंडा अर्धाच भरत, तोही दोन्ही हातांनी छातीशी धरून नेत.

निघताना त्यांनी मला बाजूला घेतले. "पोरीला सांगा, टाकं झालं. डोण बी झाली म्हनून सांगा. एकदा येऊ द्या तिला." मी बरे म्हटले.

आंबवड्याला सगुणा दारातच होती. टाके झाले, पाणी टिकले, असे सांगितल्यावर तिने डोळे मिटून हात जोडले.

"आन् डोण?"

अण्णा बैलांकडे बघू लागला. शाळेत मुलींच्या थापा मी रोज ऐकते, पण त्या मारायच्या कशा ते मला कधी जमले नाही. मी सगळे सांगून टाकले.

"आत्यांनी टाकं सारवलं?" ती तोंडाला पदर लावून हसली. मग हसू थांबले. "माज्यासाटी?"

"कोऱ्या भुईवर सुनेला कशी बोलवू, म्हणाल्या."

"मंग गुरांना कोन पाजतंय?"

"त्याच."

"त्यांचा खांदा कामातनं गेलाय," ती म्हणाली. "भरला हंडा उचलंना त्यास्नी." ती आत गेली आणि हातात बोचके घेऊनच बाहेर आली. मागून तिची आई आली. "अगं, येवडा पाय घिऊन आता कुठं निगालीस? उद्या सकाळी जा, वटी भरते."

"सांजंचं पानी पाजायच्या आदी पोचते," सगुणा म्हणाली आणि लंगडत डोंगराच्या वाटेला लागली.

भोर, कापूरहोळ, शिवरे ही गावे परत येताना मी फारशी पाहिली नाहीत. मोटार कोळशावर खोकत होती, आणि माझ्या डोळ्यांसमोरून ती डोंगराची वाट हलत नव्हती. घरी वहिनीने विचारले, "झालं का काम?" अण्णा खिन्नपणे म्हणाला, "टाकं झालं. डोण राहिली."

राहिली तेच बरे झाले, हे माझ्या अगदी ओठांवर आले होते. डोण झाली असती तर सगुणा कदाचित सकाळी ओटी भरून, सावकाश गेली असती; सासूच्या खांद्यासाठी अशी तडक नाही. पण त्या वाडीवर हंडा उचलणारी मी नव्हते. मी पदरावरची काजळी चोळत मोरीवर बसले आणि अण्णाला एवढेच म्हटले की पुढच्या पोत्याच्या परवान्याच्या मागे उद्याच लाग.