माइकरावांची हुंकारपेरणी

गल्लीत त्यांना सगळे माइकराव म्हणायचे आणि माइकराव त्या नावाला खुशाल ओ द्यायचे. लेखक, नट, गायक, चित्रकार, जो कुणी तावडीत सापडेल त्याला घरी आणून बोलतं करायचं आणि ते बोलणं पॉडकास्ट म्हणून जगाला ऐकवायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. नोकरी झाली पाणीपुरवठा कार्यालयात, तक्रारीच्या खिडकीवर. हा माणूस सगळ्यांचं ऐकून घेतो, अशी तिथे त्यांची ख्याती होती. ऐकून घेतो म्हणजे बोलू देतो. समोरचा नळाचं रडगाणं गात असायचा, माइकराव मान डोलावत "हं… हं…" करायचे आणि मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार चाललेला असायचा. लोक मन मोकळं करून घरी जायचे. नळ कोरडेच राहायचे, पण माइकरावांबद्दल कुणाची तक्रार नसायची. एवढं कसब अंगी असलेला माणूस मुलाखतकार झाला नसता तरच नवल!

स्टुडिओ म्हणजे झोपायची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर रजया टांगलेल्या, खिडक्या बंद, पंखा बंद आणि कपड्यांच्या कपाटाची दारं सताड उघडी. एका नामवंत कादंबरीकारानं ‘लेखकाचं एकटेपण’ या विषयावर तासभर प्रवचन झोडलं, तेव्हा त्याच्या खांद्यावर माइकरावांच्या बायकोच्या स्वेटरची बाही विसावली होती. बायकोला तेवढा वेळ स्वयंपाकघरात भांडं हलवायची मुभा नव्हती. कलेसाठी त्याग करावा लागतो, असं माइकराव सांगायचे. तो दरवेळी तिनेच का करायचा, हे कुणी सांगत नव्हतं.

पाहुण्यांची पुस्तकं माइकराव वाचत नसत. पुस्तक वाचलं की मुलाखतकाराचं मन कलुषित होतं, असं त्यांचं मत होतं आणि त्यांनी आपलं मन अगदी स्वच्छ ठेवलं होतं. प्रश्न सगळ्यांना तेच. "तुमची निर्मितीप्रक्रिया काय?" "तुमच्या आतलं मूल अजून जिवंत आहे का?" कवी म्हणायचा, आहे. नट म्हणायचा, आहे. एका मूर्तिकारानं मात्र, "मला दोन मुलं आहेत, दोघंही परदेशी असतात," असं सांगितलं. तेवढं माइकरावांनी कापलं.

सुरुवातीला माइकराव समोर बसूनच हं हं करत. पण एका कवीनं वडिलांच्या मृत्यूवरची कविता वाचायला घेतली आणि नेमकं माइकरावांच्या पोटानं गुरगुरून दाद दिली. तेव्हापासून पाहुणा बोलत असताना ते स्वतःचा माइक बंदच ठेवू लागले. हुंकार नंतर पेरायचे. त्यासाठी त्यांनी एकदाच, शांतपणे, कपाटात तोंड घालून सगळा माल रेकॉर्ड करून ठेवला होता: साधा हं, खोल हं, "वा", "अरेरे" आणि मोकळं, दिलखुलास हसू. कॉम्प्युटरवर आवाजाची नागमोडी रेघ दिसते, ती जिथे सपाट होईल तिथे पाहुणा थांबला असं समजायचं. थोडा थांबला की हं. जरा जास्त थांबला की वा. आणि बराच वेळ थांबला की हसू, कारण माणूस विनोद केल्याशिवाय एवढा वेळ थांबत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यामुळे अख्खी मुलाखत पुन्हा ऐकायचा त्रास वाचला. पहिल्यांदा ऐकायचा त्रास तर त्यांनी कधी घेतलाच नव्हता.

श्रोते फिदा होते. "सर, तुम्ही किती आत्मीयतेनं ऐकता!" असं कुणी लिहिलं की माइकराव ते बायकोला वाचून दाखवायचे. ती म्हणायची, "गॅस संपत आलाय, हे मी तीनदा सांगितलं." माइकराव म्हणायचे, "हं."

आता त्यांच्या ताईबद्दल. ताई थोरली. आई आजारी असायची, म्हणून माइकरावांना तिनेच लहानाचं मोठं केलं. रुग्णालयात परिचारिका होती, ड्यूटी संपवून कथा लिहायची. तरुणपणी एक कथासंग्रह आला, लोकांना आवडलाही, आणि मग ती गप्प झाली. घरात अशी लेखिका असताना माइकराव गावभर लेखक शोधत हिंडत होते. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! बायको म्हणायची, "वन्संना बोलवा की एकदा." माइकराव म्हणायचे, "तिला कोण ओळखतं?"

पण एका सकाळी मोठ्या नटानं ऐन वेळी तोंडाला पानं पुसली. रजया टांगून झाल्या होत्या, पंखा बंद करून झाला होता. मग ताईची आठवण झाली. ताई आली, कपड्यांच्या कपाटाशेजारी बसली आणि हसून म्हणाली, "अडला हरी…"

"ताई, माइक चालू आहे," माइकराव म्हणाले आणि लगेच आवाज खाली आणून सुरू झाले, "नमस्कार. तुमचं मनःपूर्वक स्वागत."

ताईनं इकडेतिकडे पाहिलं. तुमचं म्हणजे आपलंच, हे कळायला तिला एक क्षण लागला. मग ती बोलू लागली, छान बोलली. माइकराव मान डोलावत होते. मधेच मांडीवरच्या फोनवर नटाचा निरोप झळकला, "पुढच्या आठवड्यात नक्की." माइकराव सगळा वेळ त्याला नम्र पण खोचक उत्तर जुळवत बसले. ताई थांबली असं वाटल्यावर त्यांनी मान वर करून विचारलं, "तुमच्या आतलं मूल अजून जिवंत आहे का?"

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. "माहीत नाही," म्हणाली.

मुलाखत प्रसारित झाली. त्या दिवशी ताईनं माइकरावांचा फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बायकोनं लावला तेव्हा मात्र उचलला आणि "त्याला सांग, उत्तर मिळालं," एवढं बोलून ठेवला.

बायकोनं इअरफोन काढून टेबलावर आपटले. "अहो, वन्संनी एवढं विचारलं, आणि तुम्ही हसलात?"

"काय विचारलं?"

"तुम्ही समोर बसला होतात ना?"

माइकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मूळ, काहीही न पेरलेलं रेकॉर्डिंग लावलं आणि ऐकायला बसले. ताईचा आवाज आला. "हा लहान असताना प्रत्येक कथा मी आधी याला वाचून दाखवायची. हा जांभई द्यायचा तिथे मी कापायची. याच्याइतका खरा वाचक मला परत मिळाला नाही, म्हणून लिहिणं राहिलं. आता इतक्या वर्षांनी एक कादंबरी लिहून झालीय. भीती वाटते रे. बारक्या, तू वाचशील का आधी?"

मग शांतता. ताईच्या श्वासाचा आवाज, खुर्चीची करकर आणि पुन्हा शांतता. ती वाट पाहत होती. प्रसारित मुलाखतीत नेमकं याच जागी माइकराव दिलखुलास हसले होते. माइकरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लाजेनं त्यांना बसवेना.

ते तडक ताईच्या घरी गेले. तिनं दार उघडलं, पण दारातच उभी राहिली.

"माइक आणलायस?"

"नाही. ताई, मी हसलो नव्हतो गं. ते हसू नंतर चिकटवलेलं होतं. तू विचारलंस ते मी… मी ऐकलंच नव्हतं."

"समोर बसून?"

"समोर बसून."

ताई दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "हसलास हे जास्त वाईट, की ऐकलंच नाहीस हे, तेच मला कळेना."

कादंबरीचा गठ्ठा सुतळीनं बांधून रद्दीवाल्यासाठी दाराशी ठेवलेला होता. माइकरावांनी तो उचलला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर नेऊन सोडला आणि वाचायला बसले. ताई ओट्याशी उगाच आवराआवर करत राहिली. धुतलेली कपबशी पुन्हा धुतली, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. दुपार उलटून गेली. माइकराव शेवटच्या पानापर्यंत आले, पानं सरळ केली आणि घसा खाकरला. "वा" म्हणणं किती सोपं होतं! ताईनं वळून पाहिलं नाही.

"ताई," ते म्हणाले, "ती बाई बंदरावर जाऊन बोटीची वाट बघत बसते ना, तिथे मला जाम कंटाळा आला."

ताईच्या हातातलं फडकं थांबलं. चेहरा खर्रकन उतरला. आपण पुन्हा माती खाल्ली, असं माइकरावांना वाटलं. ती टेबलाशी आली, चष्मा लावला, पेन्सिल शोधली आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"नेमका कुठून कंटाळा आला ते दाखव," ती म्हणाली, "आणि लाजू नकोस, मेल्या. हेच तर विचारलं होतं मी तुला."