दाखल्याआधीची सही

"कॉलेजच्या लायब्रेरियनला काय काम? नुसतं बसायचं!" असं माझी नणंद म्हणते. खरंय. पण बसलं की दिसतं, आणि दिसलं की किस्से साचतात. त्यातून कॉलेज सोडणाऱ्या प्रत्येकाला दाखल्याआधी माझी 'नो ड्यूज'ची सही लागते. सगळी पुस्तकं जमा झाली, याची ती सही. कुणी फॉर्म पुढे केला की मी आधी कारण विचारते, "काऊन चाल्ला बे?"

*

देऊळघाटचा एक पोरगा फर्स्ट इयरलाच फॉर्म घेऊन आला. "मॅडम, इंग्रजी काईच समजत नाई. सर शिकवतात, मी नुसती मान हालवतो."

मी त्याला आठवीच्या व्याकरणाचं पुस्तक दिलं. मित्र हसतील म्हणून वर पेपरचं कव्हर घातलं. फॉर्म तसाच राहिला!

परवा हाच गडी, आता थर्ड इयरचा, एका नव्या पोराला दंडाला धरून घेऊन आला. हळूच म्हणाला, "मॅडम, याले बी कव्हरवालं द्या!"

*

अमडापूरच्या तीन मुलींची एसटी तासभर आधीच पोचायची. तोवर स्टँडवर उनाड पोरांचा त्रास. घरी सांगितलं तर कॉलेजच बंद, म्हणून बिचाऱ्या गप्प. आमचे शिपाई इंगळेमामा यांच्या कानावर हे आलं. दुसऱ्या दिवसापासून ते तासभर आधी लायब्ररी उघडायला लागले.

प्राचार्यांनी हटकलं, "इंगळे, एवढ्या लवकर कशाला?"

"पुस्तकायले हवा लागते, सर!"

*

तपासणी समितीच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'स्टुडंट रिटेन्शनसाठी ग्रंथालयाने काय केले?' मी पेन चावत बसले.

मामा म्हणाले, "रिटेन्शन म्हंजे?"

"पोरं टिकवणं."

"मंग लिहा ना, मॅडमनं सही केली नाई!"

*

रोहिणखेडची एक मुलगी सेकंड इयरला होती. रोज येऊन कोपऱ्यात वाचत बसायची. एक दिवस वडिलांसोबत आली. मान खाली.

"दाखला काढाचा हाय पोरीचा," वडील म्हणाले. "लई झालं शिक्षण."

मी रजिस्टर पाहिलं. एक पुस्तक बाकी होतं.

"हारपलं," ती पुटपुटली.

"किंमत भरतो, मॅडम."

"चालत नाही. तेच पुस्तक पाहिजे. नियम आहे." असा नियम कुठेच नाही!

वडील चिडले. "घरी तं नाई. मंग इथंच कुठी टाकलं अशीन! उद्यापासून रोज ये अन् शोध. सापडलं की दाखला काढू."

ती रोज आली. शोधता शोधता लेक्चरला बसली, परीक्षा दिल्या. मधून मधून वडिलांचा फोन यायचा, "सापडलं का, मॅडम?" मी म्हणायचे, "शोधून राह्यली."

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी ती पेढे घेऊन आली, वडीलही सोबत. मला पेढा दिला, वाकून नमस्कार केला. मग सरळ मागच्या कपाटाकडे गेली, जाड शब्दकोशांच्या मागे हात घातला आणि पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं.

"घ्या मॅडम, जमा करून."

वडिलांनी पुस्तकाकडे पाहिलं. मग पोरीकडे. मग माझ्याकडे.

"दुसरा पेढा घ्या, मॅडम," ते म्हणाले.